बाबांचं मस्टर

दर शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीट भरायची असते. सोमवार आठ, मंगळवार आठ, बुधवार आठ... प्रत्यक्षात मंगळवारी जेमतेम पाच तास काम झालेलं असतं आणि गुरुवारी अकरा, पण चौकटीत आठच लिहायचे. आणि दर शुक्रवारी मला बाबा आठवतात. त्यांनी हे मला कधीच करू दिलं नसतं.

बाबा हजेरी सहाय्यक होते. आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांना हा काय प्रकार ते माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. 1972च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आली. नगर जिल्हा तर दुष्काळाचं माहेरघरच. पाझर तलाव, नालाबांध, रस्त्याची खडी असली कामं निघायची आणि गावंच्या गावं तिथे राबायची. त्या मजुरांची हजेरी मस्टरवर लावणारा माणूस म्हणजे हजेरी सहाय्यक. बाबा 1980च्या दशकात, पंचविशीत, तिथे लागले. पुढे अशा लोकांना सरकारी सेवेत सामावून घेतलं, तसे तेही पाटबंधारे खात्यात कारकून झाले आणि 2017मध्ये रिटायर झाले. पण मस्टर त्यांच्या अंगातून कधी गेलं नाही.

आमच्या घरात सगळ्याचा हिशेब असायचा. दुधाचा रतीब कॅलेंडरवर, किराणा वहीत. शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर "कुठे होतास" नाही, "दहा मिनिटं कुठे गेली" असा प्रश्न. माणूस प्रेमळ होता बरं का. मला ताप आला की रात्रभर उशाशी बसायचे. पण सकाळी ताप किती वाजता किती होता त्याचा तक्ता तयार असायचा! प्रामाणिक इतके की आख्ख्या नोकरीत एक खोटं नाव मस्टरवर लावलं नाही. त्या खात्यात आणि त्या काळात ही काय चीज आहे, ते तिथल्यांनाच विचारा.

तर अशा माणसानं एकोणसाठाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला.

घर आमचं माळकरी. आजोबा दरवर्षी पंढरीला पायी जायचे. बाबा स्वतः फारसे देवभोळे नव्हते, पण एकादशी मोडत नसत. 2017च्या पावसाळ्यात त्यांची बायपास झाली. दवाखान्यात शेजारच्या कॉटवर एक रिटायर मास्तर होते, नगरचेच, ख्रिस्ती. नगरला ख्रिस्ती माणूस शेजारी असणं यात काही नवल नाही. अमेरिकन मराठी मिशन तिथे 1831पासून आहे. मास्तरांच्या घरून डबा यायचा तो दोघांच्या हिशेबानं यायचा. संध्याकाळी मास्तर नवा करार मोठ्यानं वाचायचे. ऐकायला कोण, तर बाबा. उठून जायची सोयच नव्हती!

एके दिवशी मास्तरांनी द्राक्षमळ्याचा दाखला वाचला. मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, विसाव्या अध्यायात. एक मळेवाला पहाटे नाक्यावर जाऊन मजूर आणतो, दिवसाची मजुरी ठरवून. मग नऊला जातो, बाराला, तीनला. शेवटी संध्याकाळी पाचला जातो तर काही लोक अजून तिथेच उभे. का उभे? तर कुणी कामाला लावलंच नाही. त्यांनाही आणतो. ते जेमतेम तासभर काम करतात. आणि मजुरी वाटताना सगळ्यांना सारखी, पूर्ण दिवसाची. पहाटेपासून राबलेले अर्थातच भडकतात.

बाबाही भडकले. "हे चूक आहे मास्तर, असं मस्टर लिहीत नाहीत." दोन दिवस दोघांचा वाद चालला. मी भेटायला गेलो तर ऑपरेशन, गोळ्या, बिल सगळं बाजूला आणि बाबा मलाच विचारतायत, "तू इंजिनियरिंगला आहेस ना, सांग, तासाला काय दर पडला?" मी मोबाईलमध्ये डोकं घालून "बाबा, गोष्ट आहे ती" म्हणालो.

त्यांच्या डोक्यातून ती जाईना. घरी आल्यावर एकदा मला म्हणाले, "त्यानं वाटप शेवटच्यापासून सुरू केलं, लक्षात आलं का? पहाटेच्यांना आधी देऊन वाटेला लावलं असतं तर भांडणच झालं नसतं. त्यानं मुद्दाम त्यांच्यासमोर दिलं. त्यांना दाखवायचं होतं काहीतरी." दाखल्याकडे असं कारकुनाच्या नजरेनं किती जणांनी बघितलं असेल मला माहीत नाही. मला मात्र तेव्हा वाटलं, रिटायर माणूस आहे, वेळ जात नाही.

नंतर ते मास्तरांबरोबर रविवारी चर्चला जाऊन मागच्या बाकावर बसायला लागले. आईला सांगून जायचे. आणि 2018च्या ऑक्टोबरमध्ये मला फोन आला, "या रविवारी बाप्तिस्मा घेतोय. आलास तर बरं वाटेल."

मी शेवटच्या वर्षाला होतो. सबमिशन चालू होती. ते एक कारण झालं. खरं कारण म्हणजे मला लाज वाटली. होस्टेलवर कुणाला कळलं तर? काका काय म्हणतील? मी फोनवर जे बोललो ते इथे लिहायचं की नाही याचा बराच विचार केला. लिहितो.

मी म्हणालो, "किती दिले त्यांनी?"

धर्म बदलणाऱ्याला आपल्याकडे हाच प्रश्न विचारतात. पण मी कुणाला विचारत होतो? ज्यानं आयुष्यात कुणाचा फुकट चहा घेतला नाही त्याला! बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अभ्यास कर. जेवलास का?" आणि फोन ठेवला.

मी गेलो नाही.

आई गेली. आईनं धर्म बदलला नाही, आजही तिची पूजा रोज असते. पण ती पदर डोक्यावर घेऊन बाकावर बसली. बाबांनी तिला वाचनालयातून 'स्मृतिचित्रे' आणून दिलं होतं. नारायण वामन टिळकांनी 1895मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना पत्ताच नव्हता. पुढची काही वर्षं त्या बाईनं काय सोसलं आणि ते किती हसत लिहिलंय, ते ज्यांनी वाचलंय त्यांना सांगायला नको. आईनं पुस्तक संपवलं आणि म्हणाली, "तिचा न विचारता गेला. माझा निदान विचारून गेला."

टिळकही नगरचेच म्हणायला हवेत, बाप्तिस्म्यानंतरची बरीच वर्षं त्यांनी तिथे काढली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. बाबांना हे फार आवडायचं. आजोबांचे टाळ माळ्यावर पडले होते, ते त्यांनी काढून चिंचेनं घासले आणि रविवारी चर्चमध्ये न्यायला लागले. मी 2019च्या नाताळात पहिल्यांदा गेलो तेव्हा पेटी, तबला आणि आजोबांचे टाळ चालू होते. मला वाटलं होतं काहीतरी इंग्रजी पिक्चरसारखं असेल. चालू होतं ते अगदी आमच्या गावच्या देवळातलं भजन, फक्त नाव वेगळं. मी उशिरा पोचलो होतो. बाबांनी सरकून जागा केली, 'उपासना संगीत' उघडून पान दाखवलं आणि टाळ वाजवत राहिले. उशीर का झाला हे विचारलं नाही. दहा मिनिटांचा हिशेब मागणारा हाच तो माणूस.

त्या रात्री अंगणात बसलो असताना त्यांनी एक गोष्ट सांगितली.

एका पाझर तलावाच्या कामावर एक बाई होती. एकदा दुपारी आली, पोरगं आजारी होतं म्हणून. उरलेला वेळ तिनं खडी वाहिली. बाबांनी तिची हजेरी लावली नाही. नियमच होता. संध्याकाळी ती मस्टरच्या पेटीजवळ येऊन उभी राहिली, काही बोलली नाही, निघून गेली. "तीस वर्षं मला वाटत होतं मी बरोबर होतो," बाबा म्हणाले. "आणि नियमानं बरोबरच होतो रे. मस्टर सरकारचं होतं, त्यात मी लिहू शकत नव्हतो. पण माझ्या खिशाला कुणी कुलूप लावलं होतं का? त्या मळेवाल्यानं स्वतःच्या पदरचं दिलं. माझ्या डोक्यातच आलं नाही."

बाप्तिस्म्यानंतर ते एसटीनं त्या गावाला गेले होते. विचारत विचारत घर काढलं. ती बाई होती, म्हातारी झालेली. बाबांनी सगळं सांगितलं, पाचशे रुपये पुढे केले. ती म्हणाली, "हजेरी कापनारे लई व्हते सायेब. तुमी त्यातले कोनते?"

बाबा हे सांगताना हसत होते आणि डोळे पुसत होते. तीस वर्षं ज्याचं ओझं वाहिलं, ते तिच्या लक्षातही नव्हतं. म्हणजे असं तिच्याबाबतीत इतक्यांदा झालं होतं! तिनं पैसे मोजून घेतले, कनवटीला लावले आणि म्हणाली, "बसा, च्या टाकते."

"घेतलास चहा?" आईनं आतून विचारलं.

"घेतला. फुकटचा."

2022च्या फेब्रुवारीत बाबा गेले. झोपेत. पुरायचं की जाळायचं यावरून घरात आवाज चढले. काका म्हणाले, आमच्या घराण्यात कुणी मातीत गेलं नाही. मग आईनं कपाटातून एक चिठ्ठी काढली. बाबांचं मस्टरचं अक्षर: "पुरा किंवा जाळा, हिला सोयीचं होईल तसं करा. वाद नको." आई म्हणाली, "आयुष्यात एकदाच ह्यांनी मनासारखं केलं. ते पुरं होऊ दे." दफनभूमीच्या फाटकाशी काका बराच वेळ बाहेर उभे होते. मग आत आले, मूठभर माती टाकली आणि चप्पल न घालताच निघून गेले.

सॉरी म्हणायचं माझं राहून गेलं. सव्वातीन वर्षं हातात होती. नाताळात म्हणेन, दिवाळीत म्हणेन करत गेलो. आई म्हणते, "त्यांनी कधीच खोडलं असेल ते." असेल. मी विश्वासू वगैरे झालेलो नाही, देव आहे का हेही मला नीट सांगता येणार नाही. पण संध्याकाळी पाचला आलेल्याला पूर्ण मजुरी देणारा कुणीतरी असावा, असं हल्ली फार वाटतं. स्वतःपुरतं तरी.

गेल्या महिन्यात माझ्या टीममधली एक मुलगी बुधवारी तीन तासांत उठून गेली. आई आयसीयूत. रजा संपलेल्या. शुक्रवारी तिची टाइमशीट माझ्याकडे अप्रूव्हलला आली, बुधवारी प्रामाणिकपणे तीन लिहिलेले. मी ती परत पाठवली, आठ कर म्हणून. आणि शनिवारी लॅपटॉप उघडून तिचं पाच तासांचं काम केलं, माझ्या टाइमशीटवर न लिहिता.

बाबा म्हणाले असते, मस्टर खोटं झालं. आणि मग बहुतेक विचारलं असतं, "जेवलास का?"

असो.