चाळ रिकामी, खोली फुल्ल!

मी पडले कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ‘टेबलस्पेस’ला मराठी शब्द काही सुचत नाही. पण लालबागच्या आजोळी त्याचा अर्थ बरोबर कळतो. चाळ तीन मजली, गॅलरी ही लांबलचक. आजीची खोली मात्र दहा बाय बाराची. ती भरली की पाहुण्यांची पथारी बाहेर!

ओरॅकलचंही तसंच. सुट्टीत परळच्या एका ऑफिसात ट्रेनिंगला होते, तिथे नागिऑस लावायचं काम मिळालं. नागिऑस डिस्क बघून ‘ओके’ म्हणतं. पण डिस्क म्हणजे अख्खी चाळ. खोलीसाठी वेगळी स्क्रिप्ट लागते; ती डेटाबेसलाच विचारते आणि उत्तर देते: ० ठीक, १ इशारा, २ धोका. आम्ही ८० टक्क्यांवर इशारा ठेवला, ९० वर धोका. ८ केबी ब्लॉकची साधी डेटाफाइल ऑटोएक्स्टेंड असली तरी ३२ जीबीच्या आसपास थांबते. मग टेबलस्पेसमध्ये दुसरी फाइल नसेल तर ओआरए-०१६५३ येतो. जुनं वाचता येतं, नवीन लिहिता येत नाही.

त्याच परळला गावाहून आलेली माणसं हॉस्पिटलच्या केसपेपरसाठी पहाटेपासून रांग लावतात. अशा रांगेमागचा टेबलस्पेस भरला तर खिडकीतून काय सांगणार, डिस्कवर जागा आहे म्हणून?

म्हणून नुसते टक्के नको, रोजची वाढही बघा. रोज २ टक्के वाढ असेल तर ८० नंतर दहा दिवस हातात असतात. रोज १० टक्के असेल तर दोनच, म्हणजे एक शनिवार-रविवार!