'फुल्ली लोडेड' गाडी आणि साडी गार्ड

सेकंडहँड टूरिंग बाईक शोधायला लागलं की एक गंमत लक्षात येते. विकणारा गाडीबद्दल कमी बोलतो आणि गाडीवर काय काय लावलंय त्याबद्दल जास्त. "भाऊ, पन्नास हजाराच्या ॲक्सेसरीज फ्री जाऊन राहिल्या!" हे वाक्य गेल्या तीन वीकांतांत मी नागपुरात इतक्यांदा ऐकलं की आता झोपेत पण ऐकू येतं. आणि जाहिरातीत हमखास दोन शब्द असतातच: 'फुल्ली लोडेड'.

तर मंडळी, आजचा विषय हाच. या लोडपैकी पैसे देण्यासारखं काय, आणि फुकट दिलं तरी नको म्हणावं असं काय?

आधी माझी गरज सांगतो, कारण गरज न सांगता दिलेला सल्ला म्हणजे रिक्वायरमेंट न वाचता लिहिलेला कोड. ऑफिस मिहानमध्ये, घर कारध्याला. भंडारा ओलांडून वैनगंगेचा पूल पार केला की आमचं गाव. महिन्यातून दोनदा जाणं-येणं. पण खरी रायडर मागच्या सीटवरची, म्हणजे आमच्या मातोश्री. तिचं माहेर साकोलीकडे, तिला नागझिऱ्याला जायचंय, गोसीखुर्दचं धरण बघायचंय आणि बसमध्ये तिला मळमळतं. ती साडी नेसते आणि बाईकवर एका बाजूला पाय सोडून बसते. लडाखचे फोटो टाकणाऱ्या कुठल्याच व्हिडिओत हा युजर दिसत नाही. :-)

बजेट दीड लाखाच्या आसपास. त्यात बसत होती हिमालयन ४११. २०१६ साली आलेली ही गाडी. नोव्हेंबर २०२३मध्ये ४५० आल्यावर जुनं ४११ इंजिनवालं मॉडेल बंद झालं, त्यामुळे आता ती घ्यायची तर जुनीच. सीटची उंची ८०० मिमी, टाकी १५ लिटरची, मागे छोटा कॅरिअर आणि सेंटर स्टँड कंपनीकडूनच. डॉमिनार ४०० पण बघितली. आपल्या चाकणची गाडी. ऑक्टोबर २०२१पासून बजाजने तिला उंच काच, हँडगार्ड, इंजिनखालची प्लेट, लेग गार्ड, कॅरिअर असं सगळं कारखान्यातूनच लावून द्यायला सुरुवात केली. हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण कंपनीने लावलेली वस्तू गाडीच्या वायरिंगचा आणि वजनाचा विचार करून लावलेली असते. पण तशी डॉमिनार माझ्या बजेटच्या बाहेर जात होती. असो.

शेवटी दोन हिमालयन उरल्या. दोन्ही २०१९च्या, दोन्ही एबीएसवाल्या. एबीएसचं मुद्दाम सांगतो. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते १ एप्रिल २०१९पासून सक्तीचं झालं, आणि ही गोष्ट नंतर गल्लीतल्या दुकानात लावून मिळत नाही. त्यामुळे जुन्या गाडीत पहिलं 'एक्स्ट्रा' बघायचं ते हेच. बाकी सगळं नंतर विकत मिळतं.

पहिली गाडी १ लाख ५५ हजार, फुल्ली लोडेड. दोन ॲल्युमिनियमच्या पेट्या, चार फॉग लॅम्प, उंच काच, मोठ्ठा आवाज करणारा सायलेन्सर, मोबाईल होल्डर, दोन चार्जर. दुसरी १ लाख २८ हजार, अगदी शोरूममधून निघाली तशी. सोबत सर्व्हिसच्या बिलांची फाईल. फरक सत्तावीस हजार.

बाबांचा प्रश्न सरळ होता. "एवढं सामान कायले पायजे?" खरं तर आख्खा निबंध याच प्रश्नात आहे.

मी एकेका वस्तूला तीन प्रश्न विचारले. एक, ही नसती तर मी दुकानात जाऊन स्वतः घेतली असती का? दोन, ही गाडीचं किंवा माणसाचं काय वाचवते? तीन, ही लावताना गाडीच्या मूळ वायरिंगला किंवा फ्रेमला कोणी हात लावलाय का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दुसऱ्याने डॉक्युमेंटेशन न ठेवता प्रॉडक्शनवर मारलेला पॅच आपल्या गळ्यात पडला की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

फॉग लॅम्प घ्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वैनगंगेच्या काठाला, धानाच्या बांध्यांवर असं धुकं बसतं की पुढचा ट्रक दिसत नाही. म्हणजे दिवे हवेतच. पण चाळीस वॅटचे दोन दिवे म्हणजे ऐंशी वॅट. बारा व्होल्टवर साडेसहा अँपिअरच्या पुढे करंट. चार लावले की दुप्पट. एवढा करंट वेगळा फ्यूज आणि रिले न लावता हेडलाईटच्या वायरीवरून ओढला असेल तर ती वायर एक दिवस वितळणार. सीट उघडून बघा. काळ्या टेपची गुंडाळी दिसली की समजा की आत कोणीतरी पॅच मारलाय. साधा मल्टिमीटर न्या. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास हवी, चालू करून थोडी रेस दिली की साडेतेरा ते साडेचौदा. सगळे दिवे लावल्यावर आकडा तेराच्या खाली घसरला तर गाडीला हे ओझं झेपत नाहीये. पहिल्या गाडीत नेमकं हेच झालं.

लेग गार्ड मात्र मला हवाच होता. उभी गाडी कलंडली तरी टाकी आणि लिव्हर वाचतात, आणि आमच्या घरासमोरच्या चिखलात उभी गाडी कलंडतेच! पण विकत घेणाऱ्यासाठी त्याचा अजून एक उपयोग आहे. लेग गार्ड आणि खालची प्लेट म्हणजे गाडीची लॉग फाईल. ओरखडे कुठे आहेत, किती खोल आहेत, एकाच बाजूला आहेत का ते वाचा. आणि सात वर्षांच्या गाडीवर कोरा करकरीत रंगवलेला गार्ड दिसला तर लॉग कोणी पुसला ते विचारा.

आवाजवाला सायलेन्सर. विकणाऱ्यासाठी हा पंधरा हजारांचा दागिना, माझ्यासाठी उणे पाच हजार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलंय. मूळ सायलेन्सर कुठे आहे विचारलं तर उत्तर आलं, "भंगारात गेला भाऊ." म्हणजे दंड माझा आणि नवा सायलेन्सर पण माझाच.

आता पेट्या. दिसायला एकदम झकास. फोटोत तर विचारूच नका. पण डाव्या बाजूला पेटी आली की साडी नेसून बसणाऱ्या बाईने पाय कुठे ठेवायचे? आणि त्या पेटीचा रॅक बसावा म्हणून पहिल्या मालकाने काय काढून टाकलं होतं माहितीये? साडी गार्ड!

इथे माझ्यापुरता निकाल लागला. साडी गार्ड म्हणजे मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला असलेली ती जाळी. टूरिंगवाले 'लूक खराब होतो' म्हणून पहिल्या आठवड्यात काढून फेकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२३व्या नियमात ती लिहिलेली आहे: मागे बसणाऱ्यासाठी धरायला आधार, पाय ठेवायला जागा, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं कवच. काही शे रुपयांची वस्तू. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर काय होतं ते आपल्याकडे प्रत्येक गावात कोणाला तरी ठाऊक असतं. मी ते इथे लिहीत नाही. एवढंच म्हणतो की आख्ख्या गाडीवर माणूस वाचवणारी जी 'ॲक्सेसरी' होती तीच काढून त्या जागी पेटी लावली होती, आणि त्या पेटीचे पैसे माझ्याकडून मागत होते.

आमच्या भागातली गाडी घेणाऱ्यांसाठी अजून एक तपासणी. वैनगंगेच्या पुराचं पाणी कारध्याला मोजतात. ऑगस्ट २०२०च्या शेवटी भंडाऱ्यात जो पूर आला त्यात किती घरांत पाणी होतं ते आम्ही बघितलंय. तेव्हा २०२०च्या आधीची गाडी असेल तर ती त्या आठवड्यात कुठे उभी होती ते विचारा. वायरींच्या जोडण्या उघडून आत गाळाची बारीक पूड आहे का बघा, टाकीच्या तोंडातून आत गंज दिसतो का बघा, आणि इंजिन ऑईल दुधाळ दिसलं तर नमस्कार करून परत या. पेट्या आणि दिवे नवे लावता येतात, वायरिंगमध्ये शिरलेली नदी बाहेर काढता येत नाही.

मी दुसरी गाडी घेतली. वाचलेल्या सत्तावीस हजारांचा हिशोब देतो, कारण 'वाचले' म्हणजे खर्च झाले नाहीत असं नाही. :-)

दोन टायर ९,५००. टायरवर चार आकड्यांचा कोड असतो. ३२१९ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. गाडीइतकेच जुने टायर, नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं. चेन-स्प्रॉकेट ४,५००. ब्रेक पॅड, ऑईल, फिल्टर ३,०००. लेग गार्ड ३,२००. कॅरिअरवर बांधायची बॅग, पावसाच्या कव्हरसकट, ३,३००. आईसाठी आयएसआय मार्कचं हेल्मेट २,५००. फ्यूजसकट एक यूएसबी चार्जर ६००. एकूण २६,६००. उरलेल्या चारशेचं पेट्रोल. दिवे हिवाळ्याच्या आधी घेईन, दोनच, रिलेसकट.

या यादीत फोटो काढण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. मित्राने गाडी बघून विचारलं पण, "अरे, लावलं काय मग हिला?" टायर लावले म्हटल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

आणखी दोन कागदी गोष्टी. बाहेरून लावलेल्या विजेच्या वस्तू विम्यात आपोआप येत नाहीत. त्या पॉलिसीत दाखवून जास्तीचा प्रीमियम भरावा लागतो. म्हणजे 'पन्नास हजाराच्या ॲक्सेसरीज' बिलाशिवाय असतील तर विम्याच्या लेखी बहुतेक शून्याच्या. आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो तुम्हाला मिळणार नाही, त्यामुळे त्याचं नाव घेऊन किंमत वाढवू देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका हे वेगळं सांगायला नको.

राहता राहिला आईचा प्रश्न. एका बाजूला बसण्यापेक्षा दोन्हीकडे पाय टाकून बसणं जास्त सुरक्षित, हे मी तिला समजावून सांगितलं. तोल चांगला राहतो, वळणावर गाडी एका अंगाला ओढत नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साकोलीच्या पुढे जायचं असन तर घालीन पंजाबी ड्रेस. बाजारात मी साडीवरच येईन." झालं, स्पेसिफिकेशन फ्रीझ. हेल्मेटमध्ये अंबाडा बसत नाही, तेव्हा वेणी घालायची, हेही तिनेच ठरवलं.

तर थोडक्यात काय, कोणी 'फुल्ली लोडेड' म्हटलं की आधी विचारा, हे लावायला काय काढलं? जे काढलं ते परत हातात मिळत असेल, तरच लावलेल्याचे पैसे बोला. ते पण निम्मे.