दिल्ली पाहावी मुलांच्या पायांनी

परीक्षा संपल्या, की घरोघरी एकच पालुपद सुरू होते, ‘आई, कंटाळा आला!’ दिल्लीसारख्या शहरात या कंटाळ्यावरचा सोपा उपाय म्हणजे मॉल. पण चौघांचे कुटुंब तिथे एका संध्याकाळी जेवले, मुले दोन-चार खेळ खेळली, की नोटा कधी संपल्या ते कळत नाही. एवढे करून घरी आल्यावर मुले पुन्हा मोबाइल घेऊन बसतातच!

त्यातही बदलीच्या नोकरीमुळे महाराष्ट्रातून दिल्लीत आलेल्या कुटुंबांची अडचण वेगळी. आजी-आजोबा दूर राहिलेले, शेजार नवा, खेळायला अंगण नाही. तीन-चार वर्षांनी पुन्हा बदलीचा हुकूम हाती पडतो, तेव्हा आई-वडिलांच्या लक्षात येते, की शाळेची बस आणि घराची बाल्कनी सोडून मुलांनी दिल्ली पाहिलीच नाही. वास्तविक थोड्या पैशांत, पायी हिंडत, खेळता खेळता शिकता येईल असे कितीतरी या शहरात आहे. हवी फक्त रविवारची सकाळ आणि आई-वडिलांची सोबत.

सावलीचे घड्याळ

सुरुवात जंतरमंतरपासून करावी. जयपूरच्या सवाई जयसिंहांनी १७२४ मध्ये ही वेधशाळा बांधली. त्यांच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय होते. अरबी शिकून त्यांनी युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली, हे मुलांना आवर्जून सांगावे.

इथले सम्राट यंत्र म्हणजे एक प्रचंड सूर्यघड्याळ. त्याची तिरपी भिंत ध्रुवताऱ्याकडे रोखलेली आहे. तिचा चढ दिल्लीच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस अंश. हेच यंत्र पुण्यात बांधले असते, तर चढ साडेअठरा अंशांचाच ठेवावा लागला असता. असे का, हा प्रश्न मुलांना घालावा आणि उत्तर लगेच सांगू नये. घरी पृथ्वीचा गोल समोर ठेवला, की ते त्यांचे त्यांनाच सापडते.

आजूबाजूच्या उंच इमारतींमुळे आता इथे पूर्वीसारखे वेध घेता येत नाहीत, हे खरे. पण त्यामुळे शिकणे अडत नाही. हाच प्रयोग गच्चीवर काठी उभी करूनही होतो. दुपारी बारानंतर दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. सावली सर्वांत आखूड झाली, की ती खरी माध्यान्ह. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेले असल्याने दिल्लीत ती सरासरी १२ वाजून २१ मिनिटांनी येते. फेब्रुवारीत ती १२.३५ पर्यंत लांबते, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.०५ च्या सुमारासच होते. मात्र सूर्याकडे थेट पाहायचे नाही, ही ताकीद आधीच द्यावी.

पायऱ्या मोजा, पैज लावा

बाराखंबा रोड मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर हेली रोडला अग्रसेन की बावली आहे. बावली म्हणजे आपली पायऱ्यांची विहीर, पण ही चांगली ६० मीटर लांब! पायऱ्या किती? कुणी १०३ सांगतो, कुणी १०८. मग घरात दोन गट करावेत आणि ज्याने त्याने मोजून आपला आकडा सांगावा. खाली उतरताना हवा गार होत जाते, तेव्हा पाण्याखेरीज अशा विहिरींचा आणखी काय उपयोग होत असेल, हे मुलांच्या आपोआप ध्यानात येते. लहानांचा हात मात्र सोडू नये आणि जिथे अडसर असेल, त्यापुढे जाऊ नये.

बेचाळीस चाकांची गाडी

गोष्टीवेल्हाळ मुलांसाठी दिल्ली गेट स्थानकाजवळचा फिरोजशहा कोटला उत्तम. इथे सुमारे १३ मीटर उंचीचा अखंड दगडी अशोकस्तंभ उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो हरियाणातल्या टोपरा गावाहून आणवला. पडताना तडा जाऊ नये म्हणून बुंध्याशी सावरीच्या कापसाचा ढीग रचला, मग स्तंभ बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवला आणि यमुनेतून होड्यांवरून दिल्लीत आणला.

एवढा खटाटोप करूनही त्यावर काय लिहिले आहे, हे सुलतानाला कुणी सांगू शकले नाही. ती ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये उलगडली. अशोकाचा असाच एक लेख आपल्या वसईजवळच्या सोपाऱ्यातही सापडला आहे. घरी परतल्यावर मुलांना ब्राह्मीत आपापले नाव लिहायला बसवावे. संध्याकाळ कशी जाते ते कळणारही नाही.

आपली माणसे, आपल्या खुणा

आता मराठी घरासाठी एक खास खेळ, दिल्लीत मराठी खुणा शोधण्याचा. रेल्वेच्या नकाशात शिवाजी ब्रिज आणि टिळक ब्रिज ही स्थानके पहिल्यांदा सापडतील. मग तालकटोरा बाग. १७३७ च्या मार्चअखेर पहिले बाजीराव मोगल फौजांना चकवून दिल्लीच्या वेशीवर धडकले, तेव्हा मराठ्यांची छावणी याच परिसरात पडली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेही तालकटोरा स्टेडियममध्येच.

नोएडाकडे जाताना यमुनेचा पूल ओलांडला, की पटपडगंजची लढाई सांगावी. ११ सप्टेंबर १८०३ रोजी याच भागात शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला आणि दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली. विजयाबरोबर पराजयही सांगितला, की इतिहास मुलांना खरा वाटू लागतो.

बेत आखताना

दिल्लीचे हवामान विसरून चालत नाही. फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबरचे पहिले पंधरवडे हिंडायला चांगले. मे-जूनमध्ये सकाळी नऊच्या आत परतावे. नोव्हेंबरनंतर धुराने हवा बिघडली असेल, तर धावपळीचा बेत रद्द करावा आणि व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये उभारलेले बाहुल्यांचे संग्रहालय पाहावे. देशोदेशीच्या बाहुल्या पाहताना भूगोलाची उजळणी होते. सोमवारी अनेक संग्रहालये बंद असतात, हे लक्षात ठेवावे.

खर्च म्हणाल, तर पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, मोठ्यांचे तिकीटही परवडणारे. मेट्रोत ९० सेंटिमीटरपर्यंत उंचीची मुले मोठ्यांबरोबर फुकट जातात. घरून दशम्या, चटणी आणि पाण्याच्या बाटल्या घ्याव्यात. स्मारकात डबा न उघडता लोदी गार्डनच्या हिरवळीवर पंगत मांडावी. तिथे प्रवेश फुकट आहे. प्रत्येक मुलाजवळ एक वही हवी. दिवसभरात पाहिलेली एक गोष्ट लिहायची आणि एक चित्र काढायचे, बस्स!

आणि हो, काठीच्या सावलीचा प्रयोग एकट्याने करू नये. त्याच दिवशी पुण्याच्या आजोबांनाही त्यांच्या गच्चीवर काठी उभी करायला सांगावी. दिल्लीची माध्यान्ह झाल्यावर साधारण चौदा मिनिटांनी पुण्याची होते. आधी नातवाचा फोन जाईल, ‘आजोबा, आमची सावली आखूड झाली!’ मग पुण्याहून आजोबांचा फोन येईपर्यंत नातू घड्याळाकडे डोळे लावून बसेल. दूर राहणाऱ्या आजोबांना आणि नातवाला जवळ आणायला एवढी चौदा मिनिटे पुरतात.