कला घे, पण विज्ञान सोडू नको

बहीण दहावी पास झाली. कविता लिहिते, इतिहासाचं पुस्तक गोष्टीसारखं वाचते. आता अकरावी. विश्रामबागेत कॉलेजांना तोटा नाही, विलिंग्डन तर 1919 पासून उभं आहे. प्रश्न होता, विषय कुठले?

वस्तीतली माणसं म्हणाली, "सायन्सच घे. आर्ट्स म्हंजी उरलेल्यांची लाईन." एक शिकला-सवरला गृहस्थ म्हणाला, "तुमच्या पोरीला आर्ट्सच बरं. सायन्स झेपायचं न्हाई." पहिल्या बोलण्यात भीती होती, दुसऱ्यात जात.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. त्यामुळं विषय निवडणं ही आपल्यात साधी गोष्ट नाही. त्याच बाबासाहेबांनी 1923 साली लंडनची डी.एस्सी. मिळवली, तीही अर्थशास्त्रात. कला आणि विज्ञान यांच्यात भिंत आहे, असं मग कोणत्या तोंडानं म्हणायचं?

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. दसऱ्याला मशीनपुढं नारळ फुटतो. तरी हवा कोरडी पडली की धागा तुटतोच. 'सापेक्ष आर्द्रता' हा शब्द मला बहिणीच्या दहावीच्या पुस्तकात भेटला, आणि नारळाचा हिशेब तिथंच मिटला.

रात्रपाळी करून आलो आणि दोघं फॉर्म घेऊन बसलो. कला शाखाच लिहिली. तिला सांगितलं, बारावी सायन्सवरून बी.ए.ला सहज जाता येतं, कलेवरून बी.एस्सी.ची वाट अवघड. तरी ती ठाम. मग म्हटलं, भूगोल घे, त्याला प्रात्यक्षिक असतं. मानसशास्त्र घे. आणि गणित. कॉलेजात सोय असली तर कलेच्या पोरांनाही गणित घेता येतं. पुस्तकावरच 'कला व विज्ञान' छापलेलं असतं. हे आपल्या पोरांना कोण सांगतं?

"दादा, कवितेला गणित कशाला?"

"40 नंबरचं सूत म्हंजी काय? 840 वाराची एक लडी, तशा 40 लड्यांचा एक पौंड. हे कळेस्तोवर मला वाटायचं, नंबर म्हंजी सायबाची मर्जी. आकडा कळला, त्या दिवसापासून पगाराची चिठ्ठी नीट वाचायला लागलो."

ती हसली. तिनं गणितापुढं खूण केली.

कार्यकर्त्यांनो, इतिहासात रमणाऱ्या पोरांना सायन्सच्या घाण्याला जुंपू नका. पण विज्ञानातून सुट्टीही देऊ नका. मशीनपुढं हात जोडणारे डिग्रीवाले मी दर दसऱ्याला बघतो. मला घरात पुरावा मागणारी कवयित्री पायजे.

जयभीम.