दोन ‘म्हणून’



मराठी व्याकरणातील उभयान्वयी अव्ययांचे प्रकरण तुम्ही वाचलेच असेल. त्या प्रकरणात ‘म्हणून’ हा शब्द एकाहून अधिक ठिकाणी भेटतो. तो परिणामबोधक अव्ययांत आहे आणि उद्देशबोधक अव्ययांतही आहे. ‘पाऊस पडला म्हणून पेरणी झाली’ या वाक्यात तो परिणाम दाखवतो. ‘पाऊस पडावा म्हणून मुलांनी धोंडी काढली’ या वाक्यात उद्देश दाखवतो. शब्द एकच आहे. मात्र पहिल्या वाक्यात त्याच्याआधी घडून गेलेली गोष्ट आहे, तर दुसऱ्या वाक्यात कोणाची तरी इच्छा आहे. ‘पडला’ आणि ‘पडावा’ यांतील हा भेद परीक्षेत एखाद्या गुणाचा असतो. आयुष्यात मात्र तो फार मोठा आहे, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे.

‘जे होते ते बऱ्यासाठीच होते’, ‘प्रत्येक गोष्टीला काही कारण असते’, ‘त्याच्या इच्छेवाचून झाडाचे पानही हलत नाही’ ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत आणि बहुतेकांनी उच्चारलीही आहेत. त्यांतले ‘कारण’ कोणते, हे आपण सहसा विचारत नाही. ताप आला, त्याचे कारण दूषित पाणी. येथे कारण घटनेच्या मागे उभे आहे आणि शोधले तर सापडते. ‘मला ताप आला, यामागे काहीतरी कारण असेल’ असे म्हणणाऱ्याच्या मनात मात्र पाणी नसते. कोणीतरी, काहीतरी साधावे म्हणून, तो ताप धाडला आहे असे त्याला सुचवायचे असते. हे कारण वास्तविक हेतू आहे. कारणाचे वस्त्र पांघरून हेतू आपल्या बोलण्यात शिरतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

हा भेद मला पुस्तकात कळला नाही. तो मला किल्लारीच्या परिसरात कळला.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांना भूकंपाचा धक्का बसला. गणेश विसर्जन आटोपून माणसे गाढ झोपली होती. मृतांची संख्या वेगवेगळ्या नोंदींत ८,००० ते १०,००० च्या दरम्यान दिली जाते. माझी आत्या त्याच भागातील एका खेड्यात राहत होती. त्या रात्री गाय विण्याच्या बेतात होती, म्हणून आत्या गोठ्यात जाऊन निजली. गोठ्याला कुडाच्या भिंती आणि वर कडब्याचे छप्पर होते. घरात तिचा अकरा वर्षांचा मुलगा झोपला होता. गोठा हलला आणि थांबला. घर पडले.

पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो. नातलग येत होते, शेजारगावची माणसे येत होती आणि तिच्याजवळ बसून बोलत होती. त्यांच्या मनात खोट नव्हती. ‘तू वाचावीस म्हणूनच देवाने त्या रात्री गाईला कळा दिल्या,’ असे एक वृद्ध गृहस्थ तिला म्हणाले. आत्याने मान वर केली आणि शांतपणे विचारले, ‘मी वाचावं म्हणून गाय व्हती. मग माजं लेकरू जावं म्हणून काय व्हतं?’ कोणीही उत्तर दिले नाही.

आता पुन्हा व्याकरणाकडे या. ‘गाय विणार होती म्हणून आत्या गोठ्यात निजली, आणि गोठ्यात निजली म्हणून ती वाचली’ हे विधान अक्षरशः खरे आहे. ‘आत्या वाचावी म्हणून गाय विणार होती’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या तितकेच निर्दोष आहे. परंतु ते सर्वस्वी वेगळे काही सांगते. पहिल्यातील क्रम उलटा करून आणि ‘वाचली’चे ‘वाचावी’ करून आपण एका घटनेला इच्छा बहाल केली. आणि एकदा इच्छा मानली की तिचा हिशेब पुरा द्यावा लागतो. वाचलेल्यासाठी हेतू सांगणाऱ्याने गेलेल्यासाठीही हेतू सांगितला पाहिजे. वाचलेल्याचे समाधान करताना गेलेल्याला आपण नकळत कोणत्या न्यायालयात उभे करतो, ते आत्याच्या प्रश्नाने उघड केले होते.

त्या हिशेबाचे उत्तर आपल्या परंपरेत तयार आहे: पूर्वसंचित. आत्यालाही ते ऐकवले गेले. कर्मसिद्धान्ताविषयी मी येथे अनादराने बोलत नाही. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण अशी त्याची जी विभागणी केली जाते, तिच्यातील क्रियमाण माणसाच्या हाती असते आणि त्या अर्थाने तो प्रयत्नवादाचाही आधार होऊ शकतो. तथापि शोकाकुल माणसाच्या दारात आपण क्रियमाण घेऊन जात नाही, संचित घेऊन जातो. आणि मग दुःखावर अपराधाचा भार चढतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात या विचारसरणीचा सामाजिक परिणाम नेमका दाखवला आहे: गरिबांचे दैन्य गतजन्माच्या खात्यावर टाकले की त्याची जबाबदारी राज्यावर आणि समाजावर उरत नाही.

थोर माणसेही या वाटेने गेली आहेत. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. महात्मा गांधी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली ही शिक्षा आहे, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर रवींद्रनाथ ठाकूर गांधीजींच्याच बाजूचे होते. तरीही त्यांनी या विधानाला लेखी हरकत घेतली. भौतिक घटनांची कारणे भौतिक असतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी आणखी एक धोका दाखवला: हाच युक्तिवाद गांधीजींच्या विरोधकांनाही तितकाच वापरता येईल आणि तेही त्या कोपाचा दोष गांधीजींवर टाकू शकतील. गांधीजींनी ते पत्र आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापले आणि आपली श्रद्धा कायम ठेवून उत्तरही दिले. दोघांच्या मनाचा मोठेपणा त्यात दिसतो. परंतु ठाकुरांचा मुद्दा मला निर्णायक वाटतो. ज्या स्पष्टीकरणातून परस्परविरुद्ध दोन्ही निष्कर्ष सारख्याच सहजतेने निघतात, ते घटनेविषयी काहीच सांगत नाही. सांगणाऱ्याच्या मनाविषयी मात्र पुष्कळ सांगते.

मग मागचे कारण काय सांगते? किल्लारीच्या बाबतीत ते बरेच काही सांगते. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाच्या भूभागाला रेटत आहे. त्या रेट्याचा ताण दख्खनच्या स्थिर मानल्या गेलेल्या खडकांतील जुन्या भेगांवरही येतो. १९९२ मध्ये किल्लारी परिसराला लहान धक्के बसलेही होते. तथापि माणसे केवळ धक्क्याने मेली नाहीत. दोन-दोन फूट जाडीच्या भिंती काळ्या दगडांच्या दोन थरांनी बनलेल्या होत्या, मध्ये चिपांची भर होती आणि सांधायला चिखल होता. वर माळवद होते: लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. गळती थांबावी आणि ऊन लागू नये म्हणून तो थर वर्षांनुवर्षे वाढत जाई. भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि तो सगळा भार खाली आला. कुडाच्या, पत्र्याच्या हलक्या आसऱ्यांतील माणसे तुलनेने अधिक वाचली. भूकंपाने पाप-पुण्य पाहिले नाही. छपराचे वजन पाहिले.

हे उत्तर कोरडे आहे, हे मला मान्य आहे. ते आत्याच्या डोळ्यांतील पाणी पुसत नाही. परंतु या उत्तरात एक गुण आहे, जो त्या वृद्ध गृहस्थांच्या सांत्वनात नव्हता. त्याला धरून काहीतरी करता येते. भूकंपानंतर त्या भागात भिंतीचे दोन्ही थर जोडणारे लांब दगड, दारे-खिडक्यांवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा आणि हलके छप्पर यांची माहिती घरोघर पोहोचली. ती पोहोचवण्यात गावोगावच्या महिलांचा मोठा वाटा होता. आत्या त्यांच्यात होती. अंगठा उठवणारी ही बाई गवंड्याला काम थांबवायला लावी आणि जोडदगड कुठे घातला ते दाखव म्हणे. दुसऱ्या कोणाचे लेकरू दबू नये म्हणून ती हे करीत होती.

या शेवटच्या वाक्यातील ‘म्हणून’ तुम्ही ओळखला असेल. तो उद्देशबोधक आहे, आणि येथे तो आपल्या हक्काच्या जागी आहे. कारण त्याच्यामागे इच्छा करणारे एक माणूस आहे. याचा अर्थ मुलाचा मृत्यू ‘यासाठी’ झाला होता असा मात्र होत नाही. आत्याने तसे कधी म्हटले नाही, आणि इतर कोणी म्हटलेले तिने चालवून घेतले नसते. मृत्यूला हेतू नव्हता. मृत्यूनंतरच्या तिच्या दिवसांना होता, आणि तो तिने घातला होता.

माझे म्हणणे एवढेच आहे. प्रत्येक घटनेला कारण असते; प्रत्येक घटनेला हेतू असतो असे नाही. कारण शोधायचे असते, तर हेतू आपल्याला पुढच्या आयुष्यात घालावा लागतो. श्रद्धावान माणसाला आपल्या दुःखात ईश्वराचा हात दिसत असेल, तर तो त्याचा अधिकार आहे. त्याच्या हातून ती काठी कोणी काढून घेऊ नये. दुसऱ्याच्या दुःखाचा हेतू सांगण्याचा अधिकार मात्र आपल्यापैकी कोणालाही नाही. तेथे जवळ बसावे, चहा करावा, ढिगाऱ्यातील भांडी काढायला मदत करावी.

तुमच्यापैकी अनेकांचे शिक्षण मध्येच सुटले होते. कोणाचे वडील गेले, कोणाचे सोळाव्या वर्षी लग्न झाले, कोणाच्या शेतात सलग तीन वर्षे काही पिकले नाही. ‘झाले ते बऱ्यासाठीच’ असे तुम्हाला कोणीतरी सांगितले असेल. ते मान्य करण्याची सक्ती तुमच्यावर नाही. जे वाईट होते त्याला वाईट म्हणावे, त्याची कारणे नीट पाहावीत आणि ती आपल्या मुलीच्या वाट्याला येऊ नयेत अशी व्यवस्था करावी.

आज दिवसभराची कामे उरकून तुम्ही ही पुस्तिका उघडली आहे. एका कोऱ्या पानावर स्वतःविषयी दोन वाक्ये लिहा. ‘माझे शिक्षण सुटले, कारण…’ हे पहिले. ‘…म्हणून मी पुन्हा शिकत आहे’ हे दुसरे. पहिल्या वाक्यात जे घडले तेच लिहा, काहीही न सजवता. दुसऱ्यातील रिकाम्या जागी क्रियापद कोणत्या रूपात येते ते पाहा. ते ‘-वे’, ‘-वा’ किंवा ‘-वी’ने संपत असेल, तर ती इच्छा तुमची आहे.