वच्छोमी

एडिंबऱ्याच्या मुख्य रेल्वे स्टेशनचं नाव वेव्हर्ली. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं तीन दिवसांसाठी धाकट्या भावाकडे गेलो होतो. स्टेशनातून वर येता येता अकरा वर्षांच्या पुतणीने मला पहिली माहिती दिली ती हीच. "मोठे बाबा, आमच्या स्टेशनला कादंबरीचं नाव आहे." सर वॉल्टर स्कॉटची ती कादंबरी, १८१४ सालची. बाहेर पडलं की स्कॉटचं स्मारक दिसतं, ६१ मीटर उंच, वर जायला २८७ पायऱ्या. एवढं उंच काही बांधायचं तर ते देवासाठी किंवा राजासाठी, असं मी आजवर पाहत आलो होतो. इथे ते लेखकासाठी बांधलेलं होतं. युनेस्कोने २००४ मध्ये साहित्यनगर म्हणून पहिला मान दिला तो याच शहराला.

दुसऱ्या दिवशी आर्थर्स सीट या टेकडीवर चढलो. उंची २५१ मीटर, पण वारा असा की डब्याचं झाकण हातातून उडावं. समोरच्या कड्यावरचा किल्ला, खालची जुनी वस्ती, पलीकडे समुद्राची खाडी, सगळं एका नजरेत येत होतं. पुतणी बोट दाखवून एकेक नाव सांगत होती. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "आपल्या वाशीमला काय आहे?"

"बालाजीचं मंदिर आहे," भाऊ म्हणाला.

"आणि?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मला उत्तर माहीत होतं, पण त्या टेकडीवर ते सांगता येईना. तिच्या प्रत्येक वाक्यामागे एक दगड उभा होता, बोट दाखवता येईल असा. माझ्या उत्तरामागे तसं काहीच नव्हतं. "डिसेंबरात या," मी म्हणालो. "दाखवतो."

ते आले. हाताशी तीनच दिवस होते, पुढे भावाच्या सासुरवाडीला जायचं होतं. वाशीममध्ये ज्याला कळलं त्याने एकच सल्ला दिला : लोणारला न्या. आईसुद्धा म्हणाली, "काहून रे, पोरीले लोणार नाही दाखवत का?" लोणारचं सरोवर मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण गावात पाहुणा आला की त्याला दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन सोडायचं, ही आमची जुनी सवय मला मोडायची होती. लोणार पुढच्या खेपेला, म्हटलं. हे तीन दिवस वाशीमचे.

पहिल्या दिवशी सकाळी पद्मतीर्थावर गेलो. थंडी होती, पाण्यावरून वाफ निघत होती. वत्स ऋषींच्या तपामुळे देव इथे गोळा झाले, म्हणून गावाचं नाव वत्सगुल्म पडलं, आणि गावात १०८ तीर्थं होती, ही कथा आईने नातीला पायरीवर बसून सांगितली. तिथून बालाजी मंदिर. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातल्या साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी अठराव्या शतकात ते बांधलं. दर्शन झालं, प्रसाद झाला, मुलीने घंटा वाजवली. ज्या वाशीमचं मला तिला सांगायचं होतं ते मात्र या मंदिराच्याही सुमारे चौदाशे वर्षं आधीचं.

म्हणून तिला मध्यमेश्वराच्या देवळात नेलं. देऊळ तसं साधंच आहे. शाळेच्या सहलीत ती लंडनमध्ये ग्रिनिचला गेली होती आणि तिथल्या शून्य रेखांशाच्या पट्टीवर दोन बाजूंना दोन पाय ठेवून तिने फोटो काढला होता. मी सांगितलं, "आपल्याकडचे ज्योतिषीही अशी एक रेषा धरत. दक्षिणेला लंका, उत्तरेला मेरू, मध्ये उज्जैन. सातव्या शतकात पहिल्या भास्कराचार्यांनी त्या रेषेवरच्या गावांची यादी दिली आहे. तिच्यात वत्सगुल्म आहे. मध्यरेषा इथून जाते, म्हणून हा मध्यमेश्वर, असं गाव मानतं."

तिने भावाचा मोबाइल मागून घेतला आणि नकाशा उघडला. उज्जैन वाशीमच्या पश्चिमेला निघालं, सव्वा अंशापेक्षा थोडं जास्तच. "मग त्यांचं चुकलं?"

प्रश्न रास्त होता. दोन गावांमधलं पूर्व-पश्चिम अंतर ठरवायला तेव्हा बरोबर नेता येईल असं घड्याळ नव्हतं. एकच चंद्रग्रहण दोन ठिकाणांहून पाहायचं आणि दोन्हीकडच्या वेळा ताडून बघायच्या, हा मार्ग. त्यातून एवढा फरक राहिला. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. अशा यादीत लिहिणारा तीच गावं घालतो, जी वाचणाऱ्याला सांगावी लागत नाहीत. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी भारतभरच्या अभ्यासकाला वत्सगुल्म कुठे आहे हे माहीत असावं, असं भास्कराचार्यांनी गृहीत धरलं होतं. आज पुण्यात मला "वाशीम म्हणजे अकोल्याकडे ना?" एवढंच ऐकू येतं.

रात्री जेवणं झाल्यावर शेगडी पेटवून आम्ही गच्चीवर बसलो. तिथे मी टेकडीवरचं उत्तर पुरं केलं.

वाकाटक राजघराण्याची एक शाखा चौथ्या शतकात इथे राज्य करू लागली. तिचा पहिला राजा सर्वसेन. तो कवी होता. त्याने महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत, हरिविजय नावाचं काव्य लिहिलं. कृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणला, ती गोष्ट. काश्मीरच्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने पुढे पाचशे वर्षांनी त्याचा आदराने उल्लेख केला. ते काव्य आता कुठेच नाही. त्याचे विखुरलेले तुकडे तेवढे दुसऱ्यांच्या ग्रंथांत सापडतात.

सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती. त्याचे ताम्रपट १९३९ मध्ये इथे वाशीमलाच मिळाले. राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेलं एका गावाचं दानपत्र ते. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, पण दानाचा व्यवहार प्राकृतात. मला हा ताम्रपट फार जवळचा वाटतो. मिरवायची भाषा एक आणि कामाची, लोकांना कळायची भाषा दुसरी, आणि दोघींना एकाच पत्र्यावर जागा.

पुढे याच वंशात हरिषेण झाला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं आणि तिथल्या लेखात वत्सगुल्माच्या राजांची मालिका लिहून ठेवली. म्हणजे वाशीमचे दगड वाशीमला सापडत नाहीत, ते अजिंठ्याला आहेत. तिथली सोळाव्या लेण्यातली चित्रं पाहायला जगभरातून माणसं येतात. त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असतं, की ज्याच्या मंत्र्याने हे घडवलं त्या राजाची राजधानी आज सोयाबीन आणि तुरीच्या बाजाराचं गाव आहे?

"आणि राजवाडा?" पुतणीने विचारलं.

"माहीत नाही. आपल्याच घरांखाली असेल."

तिने गच्चीच्या कठड्यावरून खाली अंगणात पाहिलं.

मग मी राजशेखराचं सांगितलं. तो इसवी सन ९००च्या सुमाराचा, कनौजच्या दरबारातला कवी. वत्सगुल्माची राजधानी जाऊन तेव्हा चारशे वर्षं झाली होती. काव्यमीमांसा या ग्रंथात त्याने एक कथा रचली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रागावून निघून जातो. त्याची समजूत काढायला पार्वती साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते. पूर्वेला गेली, पांचालांत गेली, अवंतीला गेली, त्याचं मन थोडं थोडं वळत राहिलं. शेवटी विदर्भात, वत्सगुल्म नगरात, त्या दोघांचं लग्न लागलं. सगळा देश मोकळा असताना राजशेखराने काव्य आणि साहित्य यांचा मांडव वाशीमला घातला. वैदर्भी रीती, म्हणजे सोपी, गोड, समासांचं ओझं नसलेली लिहिण्याची तऱ्हा, तिच्यासाठीही प्राकृतात त्याने जे नाव वापरलं ते या गावावरून आलेलं : वच्छोमी.

"वच्छोमी," पुतणी म्हणाली. मग आजीकडे वळून पुन्हा म्हणाली. आईने तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. सत्तर वर्षं ती या गावात राहते आहे. तिने तो दोनदा पुटपुटून पाहिला आणि म्हणाली, "वाशीमवालीच म्हन न बाप्पा." कुठल्याही कोशात याहून नेमका अर्थ मिळणार नाही.

दुसरा दिवस कारंजा लाडचा. दत्तसंप्रदायातले नृसिंह सरस्वती जन्मले ते गाव. सकाळी गुरुमंदिरात गेलो. आईला इथे यायचंच होतं. या गावाच्या श्रीमंतीच्या कथा कोणीही सांगतो. उंटांवर लादून आलेली कस्तुरी इथल्या एका व्यापाऱ्याने सगळीच्या सगळी विकत घेतली आणि वाड्याच्या बांधकामात कालवली, ही त्यांतली सर्वांत लाडकी. १६७० मध्ये सुरतेनंतर शिवाजी महाराजांची फौज आली ती कारंज्यावर, ही मात्र इतिहासातली गोष्ट. मला यापेक्षा इथली जैन मंदिरं महत्त्वाची वाटतात. भट्टारकांच्या, म्हणजे जैन धर्मगुरूंच्या, गाद्या आणि त्यांच्यासोबत पोथ्यांची भांडारं इथे राहिली. गेल्या शतकात हीरालाल जैन यांच्यासारख्या अभ्यासकांनी या भांडारांतली अपभ्रंश काव्यं उजेडात आणली, आणि १९३०च्या आसपास ती कारंजा जैन ग्रंथमालेत छापून निघाली. प्राकृत आणि मराठी यांच्या मधली जी पायरी आहे, तिचे कितीतरी नमुने या गावाने कापडात बांधून जपले. सर्वसेनाचं काव्य हरवलं त्याच मुलखात हे वाचलं. कोणीतरी दर पावसाळ्यानंतर त्या पोथ्यांना ऊन दाखवलं असेल. त्या माणसांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत.

स्टेशनवर शकुंतला या छोट्या गाडीचे रूळ पाहिले. मूर्तिजापूर-यवतमाळ ही ७६२ मिलिमीटर रुंदीची लाइन वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी इंग्रजी कंपनीने टाकली होती. मँचेस्टरहून आलेलं १९२१ सालचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिच्यावर धावलं. भाऊ लहानपणी या गाडीत बसला होता. आता ती बंद आहे. तो रुळावर बराच वेळ उभा राहिला, मी हाक मारली नाही.

दुपार कलल्यावर कारंजा-सोहळ अभयारण्यात गेलो. जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं हे माळरान काळविटांसाठी राखलेलं आहे. डिसेंबरात गवत सोनेरी झालेलं असतं आणि कुसळं पायजम्याला, मोज्यांना, ओढणीला चिकटतात. अर्धा तास काही दिसलं नाही. मग लांब एका उंचवट्यावर पिळदार शिंगांचा काळा नर दिसला, आणि त्याच्याकडे बघता बघता आजूबाजूच्या गवतातून तपकिरी माद्या एकेक उमटत गेल्या, नऊ-दहा तरी. त्या आधीपासूनच तिथे होत्या. कोणी बोललं नाही. एक मादी उडाली, मग दुसरी, आणि सगळा कळप माळ ओलांडून गेला. स्कॉटलंडच्या टेकड्यांवरचा तो मोकळेपणा पाहून माझी बायको हरखून गेली होती. इथे ती म्हणाली, "आपल्याकडे हे आहे आणि आपण इकडे कधी आलोच नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी पोहरादेवी. संत सेवालाल महाराजांची समाधी, बंजारा समाजाची काशी. नगाऱ्याच्या आकाराचं वस्तुसंग्रहालय २०२४ च्या ऑक्टोबरात इथे सुरू झालं आहे. बैलांचे तांडे घेऊन देशभर धान्य आणि मीठ पोचवणाऱ्या या समाजाची भाषा गोरबोली. तिला स्वतःची लिपी नाही. जे जपलं ते गाऊन जपलं. समाधीपाशी एक म्हातारी एकटीच भजन म्हणत होती. पुतणी तिच्याजवळ जाऊन बसली आणि शब्द कळत नसताना शेवटपर्यंत ऐकत राहिली.

दुपारी शेतात रोडग्यांचा बेत होता. जाडसर कणकेचे पदर घालून गोळे केले, गोवऱ्यांच्या आरात भाजले, फडक्याने राख झटकली आणि फोडून वर तूप. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. हरभरा पायाशी, तूर कापणीला आलेली. बांधावरचा एक काळा दगड उचलून पुतणी म्हणाली की एडिंबऱ्याची टेकडीसुद्धा लाव्हाची आहे, शाळेत शिकवलंय. ती साधारण ३४ कोटी वर्षांपूर्वीची, आपला दगड साडेसहा कोटींच्या आसपासचा. "म्हणजे आपला लहान," ती म्हणाली आणि दगड खिशात टाकला.

रात्री गाडीत बसायच्या आधी तिने वही दाखवली. एडिंबऱ्याच्या मराठी मंडळात तिला सुट्टीबद्दल पाच मिनिटं बोलायचं होतं. वरती मथळा लिहिला होता : वच्छोमी. खाली, आजीने सांगितलेला अर्थ.

परदेशात वाढणाऱ्या एका मुलीच्या वहीत हा शब्द आहे. तो वाशीमच्या प्रत्येक मुलाच्या वहीत असायला हवा. आमच्या गावातल्या मराठीच्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पहिल्या तासाला धडा सुरू करण्याआधी फळ्यावर हा एक शब्द लिहा, आणि तो कुठल्या गावाचा आहे ते मुलांना सांगा.