दुखऱ्या गुडघ्यानं शिकवलेलं

मैत्रिणींनो, मी बास्केटबॉलवर लेख लिहायला बसले आहे हे ऐकून आमचे हे मनापासून हसले. त्यांचं तरी काय चुकलं? लग्नानंतर माझ्या हातात चेंडू कुणी पाहिलेलाच नाही. पण लग्नाआधी दोन वर्षं मी कॉलेजच्या संघात होते. एकदा उडी मारून खाली आले आणि गुडघ्यात ‘कट’ असा आवाज झाला. कुणाचा धक्का नाही, काही नाही. सूज उतरली, तरी जिना उतरताना गुडघा दगा द्यायचा. आजी म्हणाली, “पुरे आता, कोण बघायला येईल लंगड्या मुलीला?” पुढच्या वर्षी लग्न ठरलं. बूट माळ्यावर गेले आणि ती दोन वर्षं मी मनातल्या मनात ‘फुकट गेली’च्या खात्यात मांडून टाकली.

ते खातं पुन्हा उघडलं २०१८ साली, आणि तेही कुठे, तर अमेरिकेत! लेकीच्या बाळंतपणासाठी मी इंडियाना राज्यात गेले होते. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळगुटीचं सामान. एक एप्रिलच्या संध्याकाळी नातीला तेल लावून, न्हाऊ घालून निजवलं आणि बाहेर आले, तर जावई टीव्हीसमोर श्वास रोखून बसलेले. कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलचा अंतिम सामना होता. त्यांच्याच राज्यातलं नोटर डेम विद्यापीठ विरुद्ध मिसिसिपी स्टेट. नोटर डेमच्या मुली एकदा पंधरा गुणांनी मागे पडल्या होत्या, तिथून त्यांनी बरोबरी गाठली. आणि सेकंदाचा दहावा भाग उरला असताना अरिके ओगुनबोवाले नावाच्या मुलीनं तोल जाता जाता चेंडू फेकला, तो थेट जाळीत! ६१-५८. दोनच दिवसांपूर्वी उपान्त्य सामनाही तिनं असाच, सेकंदभर उरला असताना जिंकून दिला होता. मी इतक्या मोठ्यानं ओरडले की नात उठली आणि लेकीची बोलणी खावी लागली.

माझं लक्ष मात्र नंतर दुसरीकडेच गेलं. त्या मोसमात गुडघ्याचा आतला बंध तुटल्यामुळे या संघातल्या चार मुली बाहेर बसल्या होत्या. चार! आणि संघातल्या गार्ड मुलींना शिकवणारी जी सहायक प्रशिक्षिका होती, नील आयव्ही, तिच्या स्वतःच्या गुडघ्याचाही तोच बंध दोनदा तुटलेला. मी माझा गुडघा चोळत जावयांना म्हटलं, “हिची गोष्ट सांगा बघू मला.”

आधी गार्ड म्हणजे काय ते सांगते. मैदानावर एका बाजूच्या पाच जणी असतात. उंच मुली टोपलीजवळ उभ्या राहतात. गार्ड बहुधा त्यांच्यापेक्षा बुटक्या. चेंडू पुढे न्यायचा, डाव मांडायचा हे मुख्य गार्डचं काम. आपल्याकडे पंगतीत वाढणारी बाई कशी असते? भाताचं पातेलं हातात, पण नजर पातेल्यात नाही. कुणाचं पान रिकामं, कुणाला वरण हवंय, कोण नुसतीच लाजून गप्प बसली आहे, सगळं तिला दिसतं. गार्ड ही तशी. चेंडू कोणत्याही हातानं आपटता आला पाहिजे, आणि तो न बघता! मान खाली गेली की डाव गेला. मैत्रीण मोकळी होण्याच्या क्षणभर आधी चेंडू तिच्याकडे निघालेला हवा. शिवाय घड्याळ किती उरलंय हेही डोक्यात. हे सांगून येत नाही. जिनं ते केलंय तिनं शेजारी उभं राहून, पुन्हापुन्हा करवून घ्यावं लागतं.

नीलनं ते केलं होतं. सेंट लुइस गावची ही मुलगी १९९६ साली नोटर डेमला शिकायला आली आणि पहिल्याच वर्षी, थोडेच सामने झाले असताना, गुडघा गेला. शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने व्यायाम, मग पुन्हा मैदान. १९९९ साली पुन्हा तेच! तरी ती परतली. वाया गेलेल्या मोसमाबद्दल तिला पाचवं वर्ष खेळायला मिळालं, आणि त्या पाचव्या वर्षी, २००१ मध्ये, अंतिम सामना नेमका तिच्या माहेरच्या गावी, सेंट लुइसला आला. नोटर डेमनं पर्ड्यू विद्यापीठाला ६८-६६ असं हरवलं. तो दिवसही एक एप्रिलच होता बरं का!

मग ती व्यावसायिक खेळाडू झाली. तिकडची बायकांची लीग १९९७ साली सुरू झालेली. इंडियाना फीव्हर संघानं तिला एकोणिसाव्या क्रमांकावर निवडलं. २००२ च्या फेब्रुवारीत तिला मुलगा झाला, जेडन. त्यानंतरही ती खेळली, २००५ पर्यंत. मुलाला वाढवण्याचा भार बराचसा तिच्या एकटीवर होता. खेळ थांबल्यावर तिनं झेवियर विद्यापीठात संघाच्या कार्यालयातलं काम धरलं आणि २००७ साली जुन्या शाळेत, नोटर डेमला, सहायक प्रशिक्षिका म्हणून परतली. मुख्य प्रशिक्षिका होत्या मफेट मॅकग्रॉ, ज्यांच्या हाताखाली ती स्वतः खेळली होती. गंमत म्हणजे मॅकग्रॉबाईही मूळच्या गार्डच, आणि त्याही थोडा काळ व्यावसायिक खेळलेल्या. सासूनं सुनेच्या हाती डबे द्यावेत तसं हे एका गार्डकडून दुसरीकडे आलं.

पुढची बारा वर्षं तिनं गार्ड घडवल्या. स्कायलर डिगिन्स, ज्युएल लॉइड, लिंडसे ॲलन, ओगुनबोवाले, साऱ्या पुढे व्यावसायिक झाल्या. त्या बारा वर्षांत संघ सहा वेळा अंतिम सामन्यात पोचला. जिंकला किती वेळा? एकदा. फक्त २०१८ साली. २०१९ मध्ये पुन्हा अंतिम सामना, आणि ८२-८१, एका गुणानं हार! शेवटची दोन सेकंदंही उरली नव्हती तेव्हा फ्री थ्रो चुकला तो त्याच ओगुनबोवालेचा. आपल्या हातानं शिकवलेली मुलगी एका वर्षी जग जिंकते आणि दुसऱ्या वर्षी रडत बाहेर येते. शिकवणारीला दोन्ही वेळा तिथेच उभं राहावं लागतं.

आता माझ्या घरातलं सांगते. तिकडे देशाच्या कायद्यानं मिळणारी रजा बारा आठवड्यांची, तीही बिनपगारी. लेकीची रजा संपत आली होती. एका रात्री नातीला मांडीवर घेऊन ती म्हणाली, “आई, जाऊ का गं कामावर? का सोडून देऊ? तू सांग.” खरं सांगते, माझ्या ओठांवर आलं होतं, ‘राहा घरी, मी नाही का राहिले?’ पण ते म्हणताना मी खोटं बोलले असते. मी राहिले ते आनंदानं असं मीच ठरवून टाकलं होतं. गुडघा दुखला तेव्हा ‘बरा होईल, पुन्हा खेळ’ असं म्हणणारं मला कुणी भेटलं नव्हतं, इतकंच खरं होतं. मी तिला पहिल्यांदा माझ्या बास्केटबॉलची गोष्ट सांगितली. ती बघतच राहिली. “आई, हे मला कधीच का नाही सांगितलंस?” काय उत्तर देणार! मी एवढंच म्हटलं, “तू काय करायचं ते तूच ठरव. पण मला विचारून ठरवू नकोस. माझा हिशोब चुकलेला आहे.”

ती गेली कामावर. पहिले सहा महिने फार ओढाताण झाली, फोनवर रडायचीसुद्धा. सोपं झालं असं मी म्हणणार नाही.

नीलचीही पुढची वाट सरळ नव्हती. २०१९ साली ती पुरुषांच्या मेम्फिस संघात सहायक प्रशिक्षक म्हणून गेली, आणि २०२० मध्ये मॅकग्रॉबाई निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी मुख्य प्रशिक्षिका होऊन परतली. २०२३ च्या फेब्रुवारीत तिची मुख्य गार्ड, ऑलिव्हिया माइल्स, गुडघा धरून बसली. पुढचा सबंध मोसम ती बाहेर. त्या मोसमात हॅना हिडाल्गो ही पहिल्या वर्षाची मुलगी पुढे आली आणि डाव सावरला. एक वर्षानं माइल्स परतली, खेळली, आणि शेवटच्या वर्षासाठी दुसऱ्या विद्यापीठात निघून गेली. शिकवलेलं सगळं आपल्याच दारात राहत नाही, लेकी नांदायला जातात तसंच हे. आणि जेडन? तो खेळला पर्ड्यूकडून, म्हणजे आईनं ज्यांना हरवलं होतं त्यांच्याकडून! २०२२ साली डेट्रॉइटच्या व्यावसायिक संघानं त्याला पाचव्या क्रमांकावर निवडलं.

मी परत आले ती एक गोष्ट मनाशी धरून. गुडघ्याचा हा बंध बहुतेक वेळा धक्क्यानं तुटत नाही. उडीवरून उतरताना किंवा धावता धावता एकदम वळताना तुटतो, आणि मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी अधिक. म्हणून घरात खेळणारी मुलगी असेल तर एवढं लक्षात ठेवा. खेळण्याआधी अंग गरम करायलाच हवं. उडीवरून उतरताना गुडघे वाकलेले हवेत, ताठ नकोत, आणि ते एकमेकांकडे आत वळू द्यायचे नाहीत. मांडीच्या मागच्या स्नायूंना आणि कमरेला व्यायाम हवा. आणि ‘कट’ असा आवाज होऊन सूज आली तर तेल चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे न्या.

हे मी आता आमच्या गावातल्या शाळेच्या मैदानावर आठवड्यातून दोनदा, सकाळी तासभर मुलींना शिकवते. मला धावता येत नाही, खुर्ची टाकून बसते. सातवीतली एक बुटकी मुलगी आहे, तिची मान सारखी चेंडूकडे जाते. “वर बघ गं, वर!” असं मी दिवसातून पन्नास वेळा ओरडते. गेल्या आठवड्यात तिनं न बघता चेंडू डाव्या हातात घेतला आणि मोकळ्या मैत्रिणीकडे दिला. मैत्रिणीनं टोपली चुकवली, ते सोडा.

घरी आल्यावर यांना म्हटलं, “माळ्यावर चढता का जरा? माझे बूट बघायचेत.” हे या वेळी हसले नाहीत. शिडी आणायला गेले.